वाचकांची पत्रं : भूक, चरबी आणि एकमेकांना शिवलेले दोन उंदीर

मागच्या अंकात मी भुकेवर लेख लिहिला होता. पोटात कावळे ओरडतात असं आपण म्हणतो, पण ते कावळे खरे मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या बदामाएवढ्या भागात बसलेले असतात. आणि अंगातली चरबी नुसती साठून राहत नाही, ती मेंदूला निरोप पाठवत असते, एवढं त्यात सांगितलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली चार आज घेते. लिहिणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत, दोघांनी तशी विनंतीच केली होती.

बार्शीहून, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी लिहितो : मॅडम, तुमच्या लेखात डग्लस कोलमन यांचं नाव एका वाक्यात येऊन गेलं. त्यांनी दोन उंदीर एकमेकांना शिवले आणि भुकेचं कोडं उलगडलं, असं तुम्ही लिहिलंत. मला ते समजलं नाही. उंदीर शिवायचे कशाला? शिवाय हा माणूस तीस वर्षं एकाच संस्थेत उंदीर पाळत राहिला म्हणता. मलाही संशोधनात जायचं आहे. घरचे म्हणतात, त्यात आयुष्य जातं आणि हाती काही लागत नाही. कोलमन यांच्या हाती काय लागलं?

अरे, (माझ्या विद्यार्थ्यांना मी अरे-तुरेच करत आले, म्हणून तुलाही) ते वाक्य घाईत लिहिलं गेलं. या माणसाच्या वाट्याला अशी घाईतली वाक्यं आधीच फार आली आहेत. म्हणून आज सावकाश सांगते.

कोलमन मूळचे कॅनडाचे, ओंटारियो प्रांतातल्या स्ट्रॅटफर्डचे, जन्म १९३१ चा. विषय जीवरसायनशास्त्र. १९५८ मध्ये पीएचडी संपवून ते अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरला आले. हे गाव समुद्रातल्या एका बेटावर आहे, आणि तिथल्या जॅक्सन लॅबोरेटरीचं काम म्हणजे उंदरांचे वंश शुद्ध राखणं, त्यांच्यावर अभ्यास करणं आणि जगभरच्या प्रयोगशाळांना उंदीर पुरवणं. १९४७ च्या ऑक्टोबरात बेटावर वणवा पेटला, त्यात संस्था जळाली आणि उंदीरही गेले. तेव्हा ज्यांना ज्यांना पूर्वी तिथून उंदीर गेले होते, त्यांनी त्याच वंशाचे उंदीर परत पाठवले आणि संस्था पुन्हा उभी राहिली. मला ही गोष्ट नेहमी आठवते. कोलमन तिथे वर्ष-दोन वर्षं काढायची म्हणून आले होते. राहिले ते १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत.

ते येण्याआधीच, १९४९ मध्ये, तिथे एक विलक्षण लठ्ठ उंदीर निपजला होता. एकाच जनुकातला बिघाड, तो आई आणि बाप दोघांकडून आला की पिल्लू लठ्ठ होतं. त्या वंशाला 'ओबी' म्हणतात. साधा उंदीर पंचवीस-तीस ग्रॅमचा. हा त्याच्या दुप्पट-तिप्पट भरतो. मग १९६५ मध्ये त्याच संस्थेत दुसरा लठ्ठ वंश सापडला, 'डीबी' नावाचा. हा लठ्ठ तर होताच, शिवाय त्याला जबरदस्त मधुमेह होता. दोघांचे बिघाड वेगवेगळ्या गुणसूत्रांवर. वरून पाहिलं तर मात्र दोघे भाऊभाऊ वाटावेत.

कोलमन यांचा पहिला प्रश्न भुकेचा नव्हताच. डीबी उंदराच्या रक्तात मधुमेह वाढवणारं किंवा आवरणारं काही फिरतं का, हे त्यांना पाहायचं होतं. ते पाहायचं तर एकाचं रक्त दुसऱ्याच्या अंगात सतत खेळायला हवं. एकदा सुई टोचून ते होत नाही. म्हणून ती जुनी पद्धत वापरायची : दोन उंदरांच्या कुशीची कातडी उघडून कडा एकमेकींना शिवायच्या. जखम भरताना बारीक केशवाहिन्या एकातून दुसऱ्यात जातात आणि दोघांचं रक्त थोडं थोडं मिसळत राहतं. आता तुझ्या लक्षात आलं असेल शिवायचं कशाला ते. तोंडं मात्र दोघांची वेगळी, पोटं वेगळी. जो खाईल त्याचं त्यालाच.

कोलमन आणि कॅथरीन हमेल यांनी एका बाजूला डीबी आणि दुसऱ्या बाजूला साधा, निरोगी उंदीर अशी जोडी केली. निरोगी उंदराला मधुमेह होईल अशी अपेक्षा असेल, तर झालं भलतंच. त्याची साखर वाढली नाही, उलट खाली खाली गेली. तो खाईनासा झाला. समोर खाणं भरलेलं असताना तो उपाशी राहून मेला. पोट उघडून पाहिलं तर आत अन्न नव्हतं. आणि त्याला शिवलेला डीबी खातच राहिला. हा निबंध १९६९ चा आहे.

कोलमन पुढे गेले. ओबी आणि डीबी यांची जोडी केली. ओबी, जो पिंजऱ्यात खाण्यावाचून दुसरं काही करत नाही, त्याने खाणं सोडलं, झडला आणि मेला. डीबी आणखी जाड झाला. मग ओबी आणि साधा अशी जोडी केली. इथे कुणी मेलं नाही. ओबी जरा कमी खायला लागला, त्याचं वजन एकट्याने असताना वाढतं तेवढं वाढलं नाही. हे १९७३ मध्ये छापून आलं.

माझ्या वर्गात मी हे कसं सांगायची, ते तुला सांगते. चाळीत एका भिंतीला लागून दोन खोल्या आहेत. एका खोलीत कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देतोय, पण तिथल्या बाईला ऐकू येत नाही, ती गॅस बंद करत नाही. भिंतीपलीकडची शेजारीण त्या शिट्ट्या ऐकते, आपलाच कुकर झाला समजते आणि आपला गॅस बंद करते. तिचा भात कच्चाच राहतो. ऐकू न येणारी बाई म्हणजे डीबी. शेजारीण म्हणजे साधा उंदीर. आणि ओबी म्हणजे असं घर, जिथे कुकरला शिट्टीच नाही, पण कान शाबूत आहेत. म्हणून शेजारची शिट्टी ऐकल्याबरोबर तिथलाही गॅस बंद होतो. कोलमन यांनी निष्कर्ष काढला तो हाच : पोट भरल्याचा एक निरोप रक्तातून जातो. ओबीला तो बनवता येत नाही. डीबी तो ढिगाने बनवतो, पण त्याला तो ऐकू येत नाही.

वहीतल्या तीन जोड्यांवरून हे त्यांना दिसलं. ना तो पदार्थ कुणी पाहिला होता, ना त्याचं नाव होतं, ना तो अंगात कुठे बनतो हे ठाऊक होतं.

लोकांना ते पटलं का? फारसं नाही. १९४० मध्ये शिकागोत हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी हायपोथॅलॅमसचा एक भाग जाळून उंदीर लठ्ठ करून दाखवले होते. १९५१ मध्ये येल विद्यापीठात आपल्या बाळकृष्ण आनंद यांनी जॉन ब्रोबेक यांच्याबरोबर त्याच्या शेजारचाच दुसरा भाग शोधला, जो नाहीसा केला तर प्राणी खाणंच सोडतो. (आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले; आमच्या पिढीने त्यांचं नाव फार आदराने ऐकलं आहे.) म्हणजे मेंदूचा वाटा मान्य होता. पण माणसाच्या लठ्ठपणाचा विषय निघाला की डॉक्टरसुद्धा म्हणत, हा मनाचा दुबळेपणा, सवयीचा प्रश्न. रक्तातला एक पदार्थ भूक ठरवतो, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. कोलमन यांनी स्वतः तो पदार्थ वेगळा काढायचा खूप प्रयत्न केला. मिळाला नाही. मिळणार कसा? रक्तात तो असतो मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग आणि त्याच्या काही पट. तेव्हाच्या साधनांनी तो हाताला लागण्यासारखा नव्हता.

तो लागला न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात. जेफ्री फ्रीडमन यांनी तिथे १९८६ च्या सुमारास ओबी जनुकाचा माग काढायला घेतला; पदार्थ शोधण्याऐवजी जनुकच गाठायचं, अशी वाट धरली. आठ वर्षं लागली. १ डिसेंबर १९९४ च्या 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. ते जनुक चालतं ते चरबीच्या पेशींत! निरोप पाठवणारी चरबीच होती. पुढच्या वर्षी त्या पदार्थाला नाव मिळालं लेप्टिन, 'बारीक' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. ओबी उंदरांना तो टोचला तर ते बारीक झाले. डीबी उंदरांना टोचून काही झालं नाही, आणि थोड्याच काळात कळलं की त्यांच्यात लेप्टिन ओळखणाऱ्या रिसेप्टरचाच, म्हणजे निरोप ऐकणाऱ्या कानाचाच, बिघाड आहे. १९७३ मध्ये कोलमन जे म्हणाले होते, ते तसंच्या तसं.

कोलमन तेव्हा निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. ते आपल्या जमिनीवरचं जंगल राखत होते. वैद्यकीय संशोधनासाठीचा २०१० चा लास्कर पुरस्कार त्यांना आणि फ्रीडमन यांना मिळून दिला गेला. २०१४ च्या एप्रिलमध्ये कोलमन गेले.

आता तुझा खरा प्रश्न, हाती काय लागलं. मी स्वतः मुंबईत एका संस्थेत एकतीस वर्षं भुकेवर काम केलं. सकाळी नऊला अ‍ॅनिमल हाउसमध्ये जायचं, तागडीवर आधी उरलेले पेलेट, म्हणजे उंदरांच्या खाण्याच्या गोळ्या, तोलायचे, मग उंदीर. पेलेटचा भुगा पिंजऱ्याच्या तळाशी भुशात मिसळतो, तो चिमट्याने वेचून तोलायचा, नाहीतर 'खाल्लं' म्हणून लिहिलेलं खरं सांडलेलंच असतं. पहिल्या वर्षी माझे आकडे जमत नव्हते ते या भुग्यापायी. लठ्ठ उंदीर हातात घेतला की कणकेच्या गोळ्यासारखा तळव्यावर पसरतो, अंग गार लागतं, कारण त्याचं शरीर उष्णताही धड करत नाही. एका मे महिन्यात रात्री एसी बंद पडला, सकाळपर्यंत कुणी पाहिलं नाही, आणि माझे चौदा महिन्यांचे उंदीर गेले. मी पिंजरे धुतले आणि पुन्हा पिल्लांपासून सुरुवात केली. माझ्या हाती मोठा शोध लागला नाही. पण त्या खोलीत उभं राहून मला एक गोष्ट डोळ्यांनी दिसली, की एका जनुकाच्या एका अक्षराने प्राणी दिवसभर खात राहतो, आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नसतो. ती दिसली म्हणून पुढच्या पत्राला मी उत्तर देऊ शकते.

तू जा. घरच्यांना सांग की शिष्यवृत्ती असते, नेटची परीक्षा असते, उपाशी राहावं लागत नाही. आणि एखाद्या उन्हाळी सुट्टीत कुठल्यातरी प्रयोगशाळेत दोन महिने काम करून बघ. तोलणं, मोजणं, वहीत लिहिणं यात तुझा जीव रमला, तर पुढचं जमेल.

नाशिकहून एक आई लिहिते : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, वजन ७८ किलो. दहाव्या वर्षापर्यंत अंगाने बेताची होती. आता घरात, लग्नाकार्यात सगळे तिला 'हावरट' म्हणतात, सासूबाई ताटातली पोळी उचलून घेतात. ती रात्री उठून चोरून खाते. तुम्ही लेखात लेप्टिनचं लिहिलंत. त्याचं इंजेक्शन मिळतं का? माझ्या मुलीला द्यावं का?

ताई, इंजेक्शनचं आधी सांगते. १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये केंब्रिजला स्टीफन ओ'राहिली आणि सदफ फारुकी यांच्या गटाला दोन मुलं सापडली, मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातली चुलत-मावस नात्यातली भावंडं. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन २९ किलो. जन्मताना दोघं चारचौघांसारखी होती. पहिल्या काही महिन्यांतच भूक सुटली ती आवरेना. तपासलं तर दोघांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नाहीच. म्हणजे माणसातले ओबी उंदीर. त्या मुलीला नवव्या वर्षी, ९४ किलो वजन असताना, लेप्टिन द्यायला सुरुवात केली. वर्षभरात सोळा किलोंहून अधिक वजन उतरलं. मला त्या उतरलेल्या वजनाहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट : ताटाचं वेड गेलं. आई-बापांनी शिस्त लावून गेलं नव्हतं, मारून गेलं नव्हतं. जो निरोप पोचत नव्हता तो पोचला म्हणून गेलं.

पण अशी मुलं जगात फार थोडी. तुमची मुलगी दहा वर्षांपर्यंत बेताची होती, म्हणजे तिला हा आजार नाही, असं जवळपास नक्की म्हणता येतं. लठ्ठ माणसांपैकी बहुतेकांच्या रक्तात लेप्टिन कमी नसतं, भरपूर असतं, कारण चरबी भरपूर असते. शिट्टी वाजत असते, कानच बधिर झालेले असतात. अशांना आणखी लेप्टिन देऊन पाहिलं गेलं आहे. बहुतेकांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. म्हणून ते इंजेक्शन तुमच्या मुलीसाठी नाही. तिची थायरॉइड, साखर, पाळीच्या तक्रारी, हे मुलांच्या किंवा हार्मोनच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.

आता त्या शब्दाबद्दल. हावरट, अधाशी, खादाड, 'खाखा सुटलीय मेलीला'. आपल्या भाषेत भुकेसाठी किती शिव्या आहेत! माझी थोरली बहीण अशीच होती. एका मुंजीच्या पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला, तेव्हा आमच्या एका आत्याने मोठ्याने सांगितलं, "तिला नको वाढू, तिचं पुरे झालं." माझी बहीण सोळा वर्षांची होती. तिने भात तसाच ठेवला, पाण्याने ताटाभोवती बोटं धुतली आणि पंगत उठायच्या आधी उठली. त्यानंतर ती चारचौघांत कधी पोटभर जेवली नाही, आणि घरी आल्यावर स्वयंपाकघरात दिवा न लावता खायची. तुमची मुलगी रात्री उठून खाते असं वाचलं, तेव्हा मला तो अंधारातला डबा उघडल्याचा आवाज आठवला.

ताटातली पोळी उचलून नेल्याने भूक जात नाही. उलट एकदम खाणं तोडलं की चरबी कमी होण्याच्याही आधी लेप्टिन झपाट्याने उतरतं. मेंदूला वाटतं दुष्काळ पडला. तो भूक वाढवतो आणि शरीराचा खर्च आखडता घेतो. १९९५ मध्ये रुडॉल्फ लायबेल आणि सहकाऱ्यांनी हे माणसांत मोजून दाखवलं : वजन दहा टक्के उतरलं की शरीर त्या नव्या वजनाला लागते त्याहूनही कमी ऊर्जा जाळायला लागतं. तुमच्या मुलीची लढाई या यंत्रणेशी आहे, आणि ती एकटी लढते आहे.

घरात सगळ्यांना एकच स्वयंपाक करा, तिच्यासाठी वेगळं उकडलेलं नको. आधी वरण, उसळ, भाजी, मग पोळी-भात. बिस्किटांचे पुडे, फरसाण, गोड सरबतं घरात आणूच नका, म्हणजे कुणाला लपवायला लागणार नाही. तिला झोप पुरेशी मिळते का ते बघा. अपुऱ्या झोपेने भूक वाढते. आणि सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवा. त्या वाईट वागत नाहीत, त्यांना काळजी आहे, फक्त त्यांना कुणी हे सांगितलेलं नाही.

साताऱ्याहून एक निवृत्त शिक्षक लिहितात : वय ६४, उंची ५ फूट ६ इंच, वजन ६२ किलो. आयुष्यभर ज्वारीची भाकरी खाल्ली, शाळेत सायकलने गेलो. लठ्ठ कधीच नव्हतो, तरी साखर वाढली. फक्त पोट थोडं सुटलं आहे. तुमच्या लेखात सगळं लठ्ठ उंदरांचं होतं. आमच्यासारख्या बारीक माणसांचं काय?

गुरुजी, तुमचा प्रश्न बार हार्बरच्या उंदरांनी सुटत नाही, तो पुण्यात सुटतो. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सारं आयुष्य याच प्रश्नाला दिलं आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी आपल्या दोघांचा एक फोटो छापला. शेजारी शेजारी उभे, दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. तुमच्या आकड्यांवरून तुमचा बीएमआय काढला, तो २२ च्या आसपास येतो. म्हणजे तुम्ही त्या फोटोत डॉ. याज्ञिकांच्या बाजूला उभे आहात.

ही चरबी येते कुठून? ते पाहायला त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. घरोघर जाऊन आईचं खाणं, काम, रक्त, मग बाळाचं वजन, लांबी, डोक्याचा घेर, पाठीवरच्या कातडीची चिमूट कॅलिपरमध्ये, म्हणजे जाडी मोजायच्या चिमट्यात, धरून तिची जाडी, सगळं मोजलं. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. बाळ जन्मतःच बारीक आणि चरबीवालं. तेव्हापासून 'थिन-फॅट' हा शब्द जगभर गेला. नवजात बाळाच्या पाठीवर हलकेच कॅलिपर लावणाऱ्या त्या बायांचा, गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविकांचा, मला फार आदर वाटतो. कोलमन यांच्या उंदरांच्या वहीइतकीच ती वही मोलाची आहे.

त्याच अभ्यासात दिसलं की साठ टक्क्यांहून अधिक आयांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं, आणि ज्यांचं ब-१२ कमी नि फोलेट (ब गटातलंच दुसरं जीवनसत्त्व) जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं जास्त. म्हणून तुमच्या सायकलीला आणि भाकरीला बोल लावू नका. कदाचित तुमच्या शरीराचा हिशोब तुम्ही जन्मायच्या आधीच लिहायला सुरुवात झाली होती.

करायचं काय? वजनाच्या काट्यापेक्षा शिंप्याच्या टेपवर विश्वास ठेवा. नाभीच्या पातळीवर पोटाचा घेर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या वर गेला तर जास्त समजतात, बायकांसाठी ८० च्या वर. ब-१२ तपासून घ्या. नुसतं चालणं पुरत नाही तुमच्या वयात. स्नायू टिकायला हवेत, म्हणून उठाबशा, थोडं वजन उचलणं आणि जेवणात डाळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं. घेराचा आकडा मला कळवा. तुमच्यासारख्या वीस गुरुजींनी कळवला, तर मी पुढच्या एखाद्या अंकात त्यावर लिहीन.

ठाण्याहून एक वाचक विचारतात : वजन कमी करायची नवीन इंजेक्शनं आपल्याकडे आली आहेत. घ्यावीत का?

थोडक्यात उत्तर देते, कारण हे ठरवायचं तुमच्या डॉक्टरांनी. ही औषधं आतड्यातल्या जीएलपी-१ या हार्मोनची नक्कल करतात. जेवण झालं की आतडं हा निरोप सोडतं, पण तो रक्तात दोन-चार मिनिटांतच विरतो. जॉन एंग यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हीला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत त्याच्यासारखाच, पण जास्त वेळ टिकणारा पदार्थ शोधला, आणि त्यातून या जातीचं मधुमेहावरचं पहिलं औषध २००५ मध्ये आलं. आताचं सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा घेतात. २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. उतरणाऱ्या वजनात स्नायूही असतात, आणि आपल्याकडे ते आधीच कमी आहेत हे वरच्या पत्रात आलंच आहे.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा हे विचारून या : औषध किती वर्षं घ्यावं लागेल आणि थांबवलं तर पुढे काय, मळमळ, उलट्या झाल्या तर कुणाला फोन करायचा, स्नायू टिकवायला रोज किती प्रथिनं खायची, आणि पित्ताशयाचा किंवा स्वादुपिंडाचा जुना त्रास असेल तर हे औषध चालेल का. मैत्रिणीच्या फ्रिजमधलं उरलेलं इंजेक्शनचं पेन मात्र वापरू नका. अशी दोन पत्रं मला याच महिन्यात आली आहेत.